वास घेतलेलं फूल

"सगळी तोडलीत, दादा?"

सासरे परडी सावरत मागच्या दाराच्या पायऱ्या चढत होते. कमरेला सोवळ्याची धाबळी, वर माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट, पायांत मोजे आणि हातातली परडी नारिंगी, पिवळ्या, निळ्या फुलांनी काठोकाठ भरलेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांच्या मागे वाफा दिसत होता. हिरवागार, आणि एकही फूल नाही.

"सगळी नाहीत. कळ्या ठेवल्यात," ते म्हणाले. "उद्याला नकोत का?"

"अहो, पण मी काल काय सांगितलं तुम्हाला? मिसेस कोवालना मी शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी नाही." आणि मला शिवू नये म्हणून जरा अंग चोरून ते आत गेले.

परडीतून एक नारिंगी फूल खाली पडलं होतं. मी ते उचललं आणि नकळत नाकाशी नेलं. तेवढ्यात ते मागे वळले.

"वास घेतलास? राहू दे आता तुलाच. देवाला नाही चालायचं ते."

मी तिथल्या तिथे ते फूल केसांत खोवलं आणि पोळ्या लाटायला गेले. त्या दिवशीच्या पोळ्या कडक झाल्या, आणि त्याला कणीक जबाबदार नव्हती.

ही कॅनडातली गोष्ट आहे. सास्काटूनपासून तासाभराच्या रस्त्यावर एक लहानसं गाव, तिथे आम्ही मिसेस कोवाल नावाच्या युक्रेनी बाईंचं घर भाड्याने घेतलं होतं. विद्याधर, माझा नवरा, उत्तरेकडच्या खाणीत इंजिनिअर. तो आठवडेच्या आठवडे तिकडेच असे. मी दुपारी सुपरमार्केटात गल्ल्यावर बसे. आणि त्या वर्षीच्या जूनअखेरीस दादा, म्हणजे माझे सासरे, कुरुंदवाडहून आमच्याकडे कायमचे राहायला आले होते. जन्मभर पोस्टमास्तर. सासूबाई, आमच्या माई, आदल्या वर्षी गेल्या होत्या. दादांनी येताना दोन धोतरजोड्या, देव, ताम्हन-पळी आणि माईंची वेताची परडी एवढंच आणलं होतं.

मिसेस कोवाल नव्वदीला टेकलेल्या. जूनच्या सुरुवातीला मुलाने, टारसने, त्यांना वृद्धाश्रमात नेलं तेव्हा घराच्या किल्ल्या त्या मला देऊन गेल्या, पण निघताना बोलत राहिल्या त्या वाफ्याबद्दल. मागच्या पायऱ्यांना लागून एक लांबट वाफा होता. त्यात त्यांची ती नारिंगी फुलं, कॅलेंडुला, झेंडूसारखीच दिसणारी. त्या त्यांना नहिद्की म्हणत. मधूनमधून निळी वोलोश्की आणि कागदासारख्या पाकळ्यांची पिवळी पॉपी.

"हा वाफा माझ्या आईने पेरला," त्या म्हणाल्या. "एकदाच. त्यानंतर कोणी काही पेरलं नाही. ती आपली आपण बी टाकतात, बर्फाखाली झोपतात आणि मेमध्ये उठतात. तू काही करायचं नाहीस."

"पाणी?"

"कोरडं पडलं तर. पण खोदायचं नाही, झाडायचं नाही, आणि ऑगस्टपासून फुलं तोडायची नाहीत. ती वाळू द्यायची. वाळलेली दिसतात घाणेरडी, पण दिसू द्यायची." मग माझा हात धरून त्या म्हणाल्या, "पुढच्या उन्हाळ्यात टारस मला घेऊन येईल. मला ती अजून एकदा बघायचीत. हे बी दुसरीकडे कुठेच नाही. असशील ना तू, सांभाळशील?"

"सांभाळीन," मी म्हटलं. माझा स्वभाव मुळात हट्टी. एकदा सांभाळीन म्हटलं की मग समोर कोणी का येईना, मी मागे सरत नाही. समोर सासरे येतील हे मात्र तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

जुलैत तक्रार नव्हती. दादा तोडत होते, मी बघत होते. ऑगस्ट लागला तशी मी सांगायला सुरुवात केली. आधी गोडीने, मग जरा कमी गोडीने.

"बघ, मी तोडतो म्हणून एवढी येतायत," दादा म्हणत. आणि ते खोटं नव्हतं. जितकी तोडावी तितकी दुसऱ्या दिवशी जास्त उमलत.

"यायचीच. त्यांना बी धरायचंय आणि तुम्ही धरू देत नाही, म्हणून बिचारी जीव खाऊन फुलतायत."

"फुलू देत. देवाच्या कामी येतायत ना?"

विद्याधरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात गं." खाणीत काम करणाऱ्या माणसाला असं बोलणं परवडतं.

म्हणून मी एक युक्ती केली. लाल लोकरीचे बारके तुकडे कापले आणि वाफ्यातल्या सगळ्यांत मोठ्या, टपोऱ्या फुलांच्या देठांना बांधले. संध्याकाळी दादांना नेऊन दाखवलं.

"लाल दोरा दिसला की त्या फुलाला हात लावायचा नाही. बाकीची न्या. जमेल एवढं?"

दादांनी मान डोलावली. मला वाटलं, सुटले. सकाळी उठून बघते तर दोरे बांधलेली सगळी फुलं गायब. लोकरीचे तुकडे मात्र कट्ट्यावर व्यवस्थित गुंडाळून ठेवलेले, पोस्टातल्या माणसाच्या टापटिपीने.

"दादा, हे काय?"

"देवाला उत्तम असेल ते द्यावं. तू निवडून खूण करून ठेवलीस. माझा शोधायचा वेळ वाचला."

ते थट्टा करत होते की खरंच बोलत होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणाशी भांडत होते मी? सकाळी तासभर पूजा, मग दिवसभर खिडकीशी खुर्ची. रस्त्यावर मोजून चार गाड्या जात. सुनेच्या घरात, परक्या मुलखात, ज्याला दुसरं काही करायला नाही अशा म्हाताऱ्याशी. हे कळत होतं, तरी राग येत होता, आणि कळत असल्यामुळे जास्त येत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी उठले. नाइटगाउनवर शाल घेऊन वाफ्यात गुडघ्यांवर बसले आणि उमललेल्या प्रत्येक फुलाला नाक लावलं. एक सोडलं नाही. पलीकडच्या घरातली बाई कुत्रं फिरवायला निघाली होती, ती थबकली, आणि कुत्र्याला ओढत जरा घाईनेच पुढे गेली.

दादा परडी घेऊन दारात आले.

"काय चाललंय?"

"वास घेतेय. सगळ्यांचा घेऊन झाला."

त्यांनी माझा चेहरा निरखून पाहिला. मग म्हणाले, "नाकाला परागकण लागलेत. पूस," आणि रिकामी परडी घेऊन आत गेले. मला हसू आलं आणि त्यांनाही आलं असावं, पण दोघांनीही ते एकमेकांना दाखवलं नाही.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याही आधी उठले. मी बाहेर आले तर वाफा परत हिरवागार.

असं चाललं होतं तेव्हा मिसेस कोवाल आल्या. न कळवता. एका रविवारी दुपारी टारसची गाडी दारात थांबली. टारस साठीचा, शेतकरी, अबोल. वॉकर धरून त्या थेट मागच्या अंगणात गेल्या. मी कणकेच्या हातांनी मागे धावले.

त्या वाफ्यासमोर उभ्या राहिल्या. वाफ्यात पानं होती, कळ्या होत्या.

"माझी फुलं कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

मी कणकेचे हात एकमेकांवर चोळत राहिले. दारातून दादा बाहेर आले. धोतर, सदरा, डोक्यावर लोकरीची टोपी. त्यांचं इंग्रजी पोस्टाच्या पत्रव्यवहारात घडलेलं, बोलतानाही प्रत्येक वाक्याखाली सही-शिक्का असल्यासारखं वाटे.

"मॅडम, आपली फुलं देवापाशी आहेत," ते म्हणाले.

"कुठल्या देवापाशी?"

"या. दाखवतो."

त्यांनी मिसेस कोवालना आपल्या खोलीत नेलं. कपड्यांच्या कपाटावर पांढरा कपडा घालून देव मांडले होते. पितळी गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक. सगळे नारिंगी-निळ्या फुलांत गळ्यापर्यंत बुडालेले. समईचा उजेड त्यावर पडला होता. मीही इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी बघत होते. सुंदर दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

मिसेस कोवालनी छातीवर क्रूस काढला. बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हे सगळं रोज?"

"रोज. माझी पत्नी रोज ही परडी भरून मला देत असे. आता मी स्वतः भरतो."

"ती नाही?"

"नाही."

मिसेस कोवालनी मान हलवली. परडीच्या वेतावरून बोट फिरवलं. "आमच्या आईनेही आयकॉनपुढे, येशूच्या चित्रापुढे, हीच फुलं ठेवली. तिला दुसरी कुठली मिळणार होती?" मग त्या दादांकडे वळल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, एखादी अडचण समजावून घेतल्यासारखा होता. "या वर्षीचं देवाला मिळालं. पुढच्या वर्षी तुम्ही त्याला काय देणार?"

दादांनी समईची वात उगाचच सारखी केली.

त्या चहा पिऊन गेल्या. गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाल्या, "अजून उशीर झालेला नाही. पण फार वेळही नाही." त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता, ते मला तेव्हाच जाणवलं.

मी त्या संध्याकाळी ठरवलं की आता माघार नाही. रोज पहाट व्हायच्या आधी उठायचं आणि जे उमललं असेल ते हुंगून ठेवायचं. तसं केलंही. थंडी वाढायला लागली होती, गवतावर दव इतकं असे की गुडघे भिजत, तरी एक दिवस चुकवला नाही. आणि माझा उपाय चालतोय असं मला दिसतही होतं. फुलं झाडावर राहायला लागली. जुनी मान टाकू लागली, त्यांच्या पाकळ्या गळून हिरव्या गाठी धरल्या. दादा रोज परडी घेऊन बाहेर पडत, वाफ्याकडे एक नजर टाकत आणि पुढे रस्त्याने चालत जात. बऱ्याच वेळाने परत येत. मी समजले, रस्त्याच्या कडेची रानफुलं आणत असतील. त्यांच्या पूजेच्या वेळी मी त्यांच्या खोलीत जात नसे. आमचं बोलणं "जेवायला वाढलंय" आणि "मीठ दे" एवढ्यावर आलं होतं. पण मी जिंकत होते, आणि मला त्याचा आनंद होत होता.

फक्त गणेश चतुर्थीची मला धास्ती होती. त्या वर्षी ती सप्टेंबरच्या मध्यावर आली होती. मातीची मूर्ती मिळणं शक्य नव्हतं, म्हणून पितळी गणपतीलाच पाटावर बसवायचं ठरलं होतं. दूर्वांसाठी दादांनी लॉनचं गवत वाकून तपासलं आणि नापास केलं. फुलांबद्दल ते चकार शब्द बोलले नव्हते. पण कुरुंदवाडला गणपतीच्या दिवशी त्यांना फुलांची रास लागत असे, हे मी लग्न झाल्यापासून बघत आले होते. त्या दिवशी ते ऐकणार नव्हते, आणि मीही ऐकणार नव्हते. बी आता कुठे धरलं होतं, पिकलं नव्हतं.

चतुर्थीच्या पहाटे मी मोदकांची उकड काढून ठेवली आणि वाफ्यापाशी जाऊन उभी राहिले. चांगलं उजाडलं. दादा आले नाहीत. माझे पाय गारठले. शेवटी आत आले, तर त्यांच्या खोलीतून आवाज येत होता. पूजा सुरू झाली होती. मी दाराशी थांबले.

गणपती पाटावर होता. समोर ताम्हनात तांदूळ, हळद-कुंकू लावलेल्या अक्षता. बाकी काही नाही. बाळकृष्णापुढे अक्षता, अन्नपूर्णेपुढे अक्षता. परडी बाजूला रिकामी ठेवलेली, आणि ती आत अगदी कोरडी, स्वच्छ होती. अनेक दिवसांत तिच्यात पान पडलं नव्हतं हे दिसत होतं.

"पुष्पार्थे अक्षतान् समर्पयामि," दादा म्हणाले आणि चिमूटभर अक्षता गणपतीच्या डोक्यावर वाहिल्या. फूल नसेल तिथे असं म्हणायचं असतं. मग पुढचं नाव, पुन्हा "पुष्पार्थे अक्षतान्", पुन्हा चिमूट. दूर्वांच्या जागीही अक्षता. खिडकीबाहेर वाफा नारिंगी झाला होता.

पूजा संपेपर्यंत मी तशीच उभी राहिले. आरतीला आत गेले. आरती झाल्यावर विचारलं, "दादा, हे कधीपासून?"

"काय?"

"अक्षता."

"त्या मॅडम येऊन गेल्या त्या दिवसापासून."

"मी रोज वास घेत होते म्हणून?"

दादा हसले. किती दिवसांनी हसले. "अगं वैजयंती, तू उमललेल्यांचा वास घेत होतीस. कळ्यांचा कुठे घेतलास? मला न्यायचीच असती तर संध्याकाळी कळ्या तोडून पाण्यात ठेवल्या असत्या, सकाळी उमलल्या असत्या. माई तसंच करायची."

मी खालीच बसले.

"मग रोज परडी घेऊन कुठे जायचात?"

ते ताम्हन पुसत राहिले. "परडी घेऊन निघायचं, ही सवय. सकाळी उठल्यावर कशासाठी तरी बाहेर पडायला लागतं ना माणसाला. इथे मला दुसरं कोणी काही सांगत नाही. तू सांगत होतीस, तेही तोडू नका एवढंच."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. "आजच्या दिवस तरी आणू का दादा? चार फुलं. गणपती आहे."

"नको. मोजकी आहेत. धरू दे त्यांना." मग ताम्हन जागेवर ठेवत म्हणाले, "त्या बाईंनी मला बरोबर धरलं. पुढच्या वर्षी काय देणार? मी आपला रोज रिकामं करत चाललो होतो. देवाने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, की सगळं तुलाच दिलं, काही ठेवलं नाही? त्याला शहाणपण म्हणाला असता का तो?"

त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, रात्री पारा शून्याखाली जाणार. त्या मुलखात एका रात्रीच्या गारठ्याने सगळं काळं पडतं. हिरवं बी काळं पडलं की ते उगवत नाही. मला अजून आठ-दहा दिवस हवे होते.

मी घरातल्या चादरी काढल्या. पलंगपोस, टेबलक्लॉथ, माझ्या दोन जुन्या साड्या. वाफ्यात काठ्या रोवल्या आणि त्यावर एकेक पसरत गेले. दादा दुसऱ्या टोकाला उभे राहून ओढून धरत होते. काठावर मी दगड ठेवत होते. "इकडून वारा शिरेल," "तिकडे अजून एक घाल," असं त्यांचं चाललं होतं, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

शेवटचं टोक उघडं राहिलं. तिथेच सगळ्यांत जास्त गाठी धरल्या होत्या. घरात आता अंगावर घ्यायच्या पांघरुणांशिवाय काही उरलं नव्हतं.

"थांब," दादा म्हणाले आणि आत गेले. परत आले ते धाबळी घेऊन. पूजेची. जिला आम्ही कोणी कधी बोटही लावलेलं त्यांना चाललं नव्हतं.

"दादा, ही सोवळ्याची आहे."

"लोकर आहे. ऊब धरते. धर तिकडचं टोक."

मी धरलं. दोघांनी मिळून ती वाफ्यावर पसरली आणि काठावर माती ओढली. सकाळी लॉन पांढरं झालं होतं, शेजारच्यांची पेट्युनियाची रोपटी काळी ठिक्कर. आमच्या चादरींखाली सगळं जिवंत होतं. दादांनी धाबळी झटकली, धुऊन वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नेसले. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

असं आम्ही त्या महिन्यात जवळजवळ रोज केलं. संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं. हे काम दादांनी आपल्याकडेच घेतलं. ऑक्टोबरपर्यंत गाठी वाळून तपकिरी झाल्या आणि कापलेल्या नखांसारखं वाकडं-तिकडं बी मातीत सांडलं. वाळकी खोडं फार घाण दिसत होती. मला झाडून काढायचा मोह होत होता. मी झाडू घेतला की दादा खिडकीत येऊन उभे राहत, आणि मी झाडू ठेवून देई. मग बर्फ पडलं आणि वाफा दिसेनासा झाला.

त्या हिवाळ्यात मिसेस कोवालना अर्धांगाचा झटका आला. टारसने फोन केला. "बोलते, पण अडखळत," तो म्हणाला. "वाफ्याचं विचारते." मी सांगितलं, बर्फाखाली आहे.

मेमध्ये बर्फ गेलं. माती काळी, ओली आणि रिकामी. दादा आणि मी रोज सकाळी वाफ्यासमोर उभे राहत असू. एक आठवडा गेला, दुसरा गेला. विद्याधर म्हणाला, "नर्सरीतून रोपं आणू का? त्यांना काय कळणार आहे?" दादा आणि मी दोघांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

मग एका सकाळी दादांनी मला हाक मारली. मी पायांत चप्पलही न घालता गेले. मातीवर हिरवट काहीतरी धरलं होतं, भिजवलेल्या अळिवाला मोड आल्यासारखं बारीक, दाट. ज्या टोकाला धाबळी टाकली होती तिथे तर माती दिसत नव्हती.

दादा पायरीवर बसले. "माईला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

मिसेस कोवाल जुलैच्या सुरुवातीला आल्या, चाकांच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर पडलेला. टारसने खुर्ची ओढत मागच्या अंगणात आणली. वाफा तेव्हा नुकता उमलायला लागला होता, पहिली आठ-दहा नारिंगी फुलं. दादा अंघोळ करून, धाबळी नेसून पायरीवर उभे होते. हातात परडी होती, पण रिकामी. त्यांनी अजून एकही तोडलं नव्हतं. "त्यांना आधी बघू दे," असं ते मला चार दिवस सांगत होते.

मिसेस कोवाल बघत राहिल्या. तोंडाने काही बोलत होत्या, पण मला ते समजलं नाही, ती त्यांची भाषा होती. मग त्यांनी टारसला खूण केली आणि त्याने खुर्ची वाफ्याला लावली. त्या वाकल्या आणि डाव्या हाताने चाचपडत त्यांनी एक फूल खुडलं. सगळ्यांत मोठं. ते नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि भरपूर वास घेतला. पुन्हा घेतला. मग हात लांब करून त्यांनी ते दादांपुढे धरलं.

"देवाला," त्या म्हणाल्या. "या वर्षीचं."

मी दादांकडे पाहिलं. बिनअंघोळीच्या हाताने तोडलेलं, दोनदा वास घेतलेलं फूल. आयुष्यभर अशा फुलाला त्यांनी देव्हाऱ्याच्या आसपास येऊ दिलं नव्हतं. मी मध्ये पडून काहीतरी सांगणार होते, टारसला चहा विचारणार होते, काहीही.

दादांनी परडी पुढे केली. फूल तिच्यात पडलं. त्यांनी वाकून मिसेस कोवालना नमस्कार केला आणि आत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी गणपतीसमोरच्या कालच्या अक्षता बाजूला सारल्या आणि ते फूल त्याच्या डोक्यावर ठेवलं, मधोमध.

"पुष्पं समर्पयामि," ते म्हणाले. जवळजवळ वर्षभर मी त्यांच्या तोंडून ते वाक्य ऐकलं नव्हतं.

बाहेरून मिसेस कोवालचा अडखळता आवाज आला. "घेतलं का त्याने?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दादा माझ्या आधी खिडकीशी गेले. डोळे पुसले, ताठ उभे राहिले, आणि आपल्या पोस्टातल्या इंग्रजीत मोठ्याने म्हणाले,

"येस, मॅडम. रिसीव्ह्ड विथ थँक्स."